तीर्थयात्रेतील क्षौरकर्म आणि वस्तऱ्याची निवड



यात्रेस निघताना पूजासाहित्य, औषधे, पांघरुणे, ओळखपत्रे यांची यादी आपण मोठ्या काळजीने करतो. परंतु ज्या विधीत धारदार शस्त्र प्रत्यक्ष आपल्या मस्तकास लागते, त्या क्षौरकर्माची तयारी मात्र बहुधा कोणीच करीत नाही. तीर्थावर पोहोचल्यावर, गर्दीत व घाईत, समोर जी व्यवस्था दिसेल तिच्यापुढे आपण मान तुकवितो. 'घरचा वस्तरा बरोबर आणला तर चालेल काय? कोणता आणावा?' अशी पृच्छा अनेक यात्रेकरू आमच्या कार्यालयात करीत असतात. प्रश्न लहान वाटला तरी त्याच्याशी आपल्या व आपल्या मुलाबाळांच्या आरोग्याचा संबंध आहे. म्हणून त्याचे उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

क्षौराची परंपरा

संस्कृतात वस्तऱ्यास 'क्षुर' म्हणतात व त्यावरूनच 'क्षौर' हा शब्द आला. बालकाचे जावळ काढणे, म्हणजेच चौल किंवा चूडाकर्म, हा सोळा संस्कारांपैकी एक संस्कार होय. उपनयनापूर्वी, मातापित्यांच्या निधनानंतर आणि तीर्थक्षेत्री क्षौर करण्याची प्रथा आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. प्रयागराज येथे त्रिवेणी संगमावरील मुंडनास विशेष महत्त्व मानले जाते. तिरुमला येथे तर केशार्पण हीच भक्तांची मोठी सेवा असून तेथील कल्याणकट्ट्यात हे क्षौर विनामूल्य केले जाते. केस हे रूपाच्या अभिमानाचे चिन्ह मानलेले असल्याने ते देवापुढे उतरविणे म्हणजे अहंकार उतरविणे, असा या विधीमागील भाव आहे.

वस्तऱ्याच्या धारेचे स्थान केवळ विधीपुरते मर्यादित नाही. कठोपनिषदात आत्मज्ञानाचा मार्ग किती दुर्गम आहे हे सांगताना वस्तऱ्याच्या धारेचीच उपमा योजिली आहे. संत सेना महाराजांनी आपल्या नाभिक व्यवसायातील आरसा, चिमटा यांसारख्या साधनांतून विवेक-वैराग्याची रूपके उभी केली. ज्या साधनाकडे आपल्या पूर्वसूरींनी इतक्या बारकाईने पाहिले, त्याची निवड आपण डोळे मिटून करणे योग्य नव्हे.

एक स्वानुभव

प्रस्तुत लेखकाच्या वडिलांचे निधन १९९८ साली झाले. त्यांच्या अस्थी घेऊन प्रयागास जाताना त्यांचाच जुना वस्तरा मी बरोबर घेतला होता. जर्मनीतील झोलिंगेन येथे घडविलेला, काळ्या मुठीचा तो वस्तरा वडील रोज सकाळी चामड्याच्या पट्ट्यावर पाजवीत असत. त्यांच्यासाठी करावयाचे क्षौर त्यांच्याच वस्तऱ्याने व्हावे, अशी माझी भावना होती. निघण्याच्या दिवशी तो धुऊन, घाईने पुसून मी चामड्याच्या म्यानात घातला आणि पिशवीच्या तळाशी ठेवून दिला.

संगमावर एका वृद्ध नाभिकापुढे बसलो व वस्तरा त्याच्या हाती दिला. त्याने म्यान काढले, पाते उन्हाकडे धरून तिरपे पाहिले आणि काही न बोलता ते माझ्या डोळ्यांसमोर धरले. धारेवर मोहरीएवढे तांबूस ठिपके पडले होते. म्यानात राहिलेल्या ओलीने दोन दिवसांत आपले काम केले होते. मी म्हणालो, "तरीही यानेच करा." त्याने मान हलविली. वस्तरा मिटून त्याने आदराने माझ्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाला, "वडिलांची आठवण हातात धरा. डोक्याला नवे पातेच लागेल." मग पत्र्याच्या डबीतून कागदात गुंडाळलेले नवे पाते काढून, ते माझ्यासमोर उघडून त्याने आपल्या वस्तऱ्यात बसविले. वडिलांचा वस्तरा ओंजळीत धरूनच मी ते क्षौर केले. भावनेत उणे काही राहिले नाही, आणि डोक्यावर साधा ओरखडाही उमटला नाही.

त्या नाभिकाने एका वाक्यात जे सांगितले, तेच या लेखाचे सार होय. त्यामागील कारणे आता पाहू.

धोका नेमका कशाचा?

वस्तऱ्याने क्षौर करताना कातडीवर अतिसूक्ष्म ओरखडे पडतात. रक्त दिसले नाही म्हणजे जखम झाली नाही, असे समजू नये. अशा ओरखड्यातून रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंश पात्यावर राहतो. तेच पाते दुसऱ्याच्या डोक्यावर फिरले तर एकाच्या रक्तातील रोगजंतू दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात.

एचआयव्हीची भीती आता बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु वस्तऱ्याच्या बाबतीत तिच्याहून मोठी भीती हिपॅटायटिस 'बी' या यकृताच्या विकाराची आहे. याचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे मागील आठवड्यात वापरलेले पाते आज कोरडे व स्वच्छ दिसले तरी ते निर्धोक असेलच असे नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दीड ते सहा महिने लोटतात व पुष्कळदा लक्षणे दिसतही नाहीत. त्यामुळे यात्रेतील क्षौराशी या आजाराचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही. हिपॅटायटिस 'सी' हाही रक्तावाटेच पसरतो आणि त्यावर प्रतिबंधक लस उपलब्ध नाही.

'पाते पाण्यात बुडविले', 'तुरटी फिरविली', 'जंतुनाशकाचे दोन थेंब टाकले' एवढ्याने हे विषाणू नष्ट होत नाहीत. तुरटीने रक्तस्राव थांबतो, संसर्ग थांबत नाही. जंतुनाशकास काम करण्यास पुरेसा वेळ द्यावा लागतो व त्याआधी पाते घासून धुवावे लागते. घाटावरील गर्दीत हे प्रत्येक भाविकामागे घडणे अशक्यप्राय आहे. म्हणून प्रत्येक मस्तकास नवे पाते हाच खात्रीचा उपाय ठरतो. तिरुमला येथेही प्रत्येक भाविकासाठी स्वतंत्र पाते देण्याची पद्धत आहे.

वस्तऱ्याचे प्रकार आणि त्यांचे गुणदोष

*१) अखंड पात्याचा पारंपरिक वस्तरा*

पाते व मूठ एकमेकांत मिटणारा हा जुना वस्तरा होय. इंग्लंडमधील शेफील्ड व जर्मनीतील झोलिंगेन ही गावे अशा वस्तऱ्यांसाठी जगभर नावाजली गेली. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पाच-अष्टमांश (५/८) इंच रुंदीचे पाते हाताळण्यास सोपे मानले जाते. टोक टोकदार चौकोनी असल्यास कानामागे व मानेजवळ जखम होण्याचा संभव अधिक, म्हणून गोल टोकाचा वस्तरा बरा. कार्बन पोलादाच्या पात्याला धार उत्तम चढते, परंतु ओलाव्याने त्यावर लवकर गंज धरतो. कोकणाच्या खाऱ्या हवेत किंवा पावसाळी वारीत तर ही अडचण फारच जाणवते. प्रवासासाठी स्टेनलेस पोलादाचे पाते त्या मानाने सोयीचे.

या वस्तऱ्याची निगा हा स्वतंत्र व्याप आहे. प्रत्येक वापरापूर्वी तो चामड्याच्या पट्ट्यावर पाजवावा लागतो आणि काही आठवड्यांनी दगडावर धार लावावी लागते. वापरल्यानंतर तो पूर्ण कोरडा करून पात्यावर शिलाईयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवावा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवावा. चामड्याच्या म्यानात ओल धरून राहते हे वरील अनुभवावरून लक्षात आलेच असेल.

मुख्य उणीव मात्र निराळीच आहे. या वस्तऱ्याचे पाते बदलता येत नाही. शिंग, लाकूड वा सेल्युलॉइडची मूठ उकळत्या पाण्यात टिकत नाही, त्यामुळे प्रवासात त्याचे निर्जंतुकीकरण होत नाही. ज्यांना स्वतःची दाढी अशा वस्तऱ्याने करण्याचा सराव आहे, त्यांनी तो केवळ स्वतःपुरता न्यावा. परंतु वडील, दोन मुलगे व नातू अशा चौघांचे क्षौर 'घरचाच वस्तरा आहे' म्हणून त्याच एका पात्याने करणे सर्वथा अयोग्य होय. विषाणू घरचा-परका असा भेद जाणत नाही. किंबहुना आपल्या घरातील कोणास ही बाधा आहे, हे पुष्कळदा त्या व्यक्तीसही ठाऊक नसते.

*२) बदलत्या पात्याचा वस्तरा*

दिसण्यास जुन्या वस्तऱ्यासारखाच, परंतु पात्याच्या जागी खाच असलेला हा वस्तरा आज बहुतेक केशकर्तनालयांत वापरला जातो. दाढीच्या साध्या दुधारी पात्याचा अर्धा भाग त्या खाचेत बसतो. काम झाले की पाते काढून टाकावयाचे. पाजविणे नाही, दगड नाही, तेल नाही. यात्रेसाठी आमची शिफारस याच वस्तऱ्याची आहे.

तो विकत घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. संपूर्ण वस्तरा, मुठीसह, स्टेनलेस पोलादाचा असावा. म्हणजे तो उकळत्या पाण्यात २० मिनिटे ठेवून शुद्ध करता येतो. पाते बसविल्यावर ते किंचितही हलता कामा नये. खाच संपूर्ण उघडणारी असावी, कारण बंद खाचेत साबण, केस व रक्ताचा अंश अडकून राहतो. त्यात अर्धे पाते बसते की लांब अखंड पाते, हे दुकानातच विचारून त्याप्रमाणे पाती घ्यावीत. दुधारी पाते अर्धे करताना ते कागदी वेष्टनातच ठेवून लांबीच्या दिशेने दुमडावे. ते मधोमध सहज तुटते व बोटास इजा होत नाही.

ज्यांना वस्तरा विकत घेणे शक्य नाही, त्यांनी निदान नव्या पात्यांचा एक पुडा तरी जवळ ठेवावा. घाटावरील नाभिकास आपले पाते देऊन तेच वापरण्याची विनंती करता येते. त्याचा वस्तरा मात्र पाते बसविण्यापूर्वी धुऊन, स्पिरिटने नीट पुसून घ्यावा.

*३) सेफ्टी रेझर*

अमेरिकेतील जिलेट यांना १९०४ साली ज्याचे पेटंट मिळाले, तो हा बंदिस्त पात्याचा रेझर. स्वतःच्या हाताने दाढी करणाऱ्यास तो सर्वांत निर्धोक. मोठे केस मात्र त्यात अडकतात, म्हणून मुंडनापूर्वी ते कात्रीने किंवा यंत्राने बारीक करून घ्यावे लागतात. मधुमेही व्यक्ती तसेच रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी वस्तऱ्याचा आग्रह न धरता, वैद्यांच्या सल्ल्याने, केस कापण्याच्या यंत्राने केस अगदी बारीक करून घेणे श्रेयस्कर.

प्रवासातील नियम

विमानाने येणाऱ्या भाविकांनी विशेष लक्ष द्यावे. वस्तरा, तसेच दाढीची सुटी पाती, हातातील सामानात नेता येत नाहीत. ती विमानात चढविण्यासाठी सुपूर्द करावयाच्या सामानातच ठेवावीत. ज्यात पाती बंदिस्त असतात तो प्लॅस्टिकचा साधा रेझर सामान्यतः हातातील सामानात चालतो. तथापि अंतिम निर्णय सुरक्षा कर्मचाऱ्यांचा असतो. वडीलधाऱ्यांचा जपून ठेवलेला वस्तरा तपासणीच्या वेळी सोडून द्यावा लागणे फार क्लेशकारक होते, म्हणून ही काळजी आधीच घ्यावी.

रेल्वेने व बसने येणाऱ्यांनी वस्तरा मिटून, कापडात गुंडाळून, कडक डबीत ठेवावा. पिशवीत उघड्यावर ठेवलेला वस्तरा दुसऱ्याच कोणाच्या बोटास लागतो. अनेक मोठ्या देवस्थानांच्या प्रवेशद्वारी धातुशोधक यंत्रे असतात. दर्शनास येताना वस्तरा व पाती निवासस्थानीच ठेवून यावे.

बालकांचे जावळ

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. प्रौढ वयात हिपॅटायटिस 'बी'ची बाधा झाली तर बहुसंख्य रुग्ण त्यातून पूर्ण बरे होतात. शंभरांत पाचांहून कमी व्यक्तींत ती कायमची राहते. परंतु अर्भकावस्थेत बाधा झाल्यास दहापैकी सुमारे नऊ बालकांत ती दीर्घकाळ टिकते आणि पुढे मोठेपणी यकृत निकामी होण्याचे वा यकृताच्या कर्करोगाचे कारण ठरू शकते. ज्या बाळाच्या आयुष्यवृद्धीसाठी आपण हा संस्कार करतो, त्याच्याच मस्तकावर वापरलेले पाते फिरविणे किती विपरीत आहे, याचा मातापित्यांनी विचार करावा.

बाळास जन्मानंतर २४ तासांच्या आत, तसेच ६, १० व १४ आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या लसींतून या रोगाविरुद्ध संरक्षण मिळते. जावळापूर्वी या मात्रा पूर्ण झाल्या आहेत याची खात्री करावी. बाळाची टाळू साधारणतः दीड वर्षापर्यंत मऊ असते, तेथे वस्तऱ्याचा दाब देऊ नये. बाळ रडून मान हलवीत असेल तर क्षणभर थांबावे. मुहूर्त साधण्यासाठी घाई करू नये. पहिली बट विधिपूर्वक काढून उरलेले केस बाळ शांत झाल्यावर काढले तरी कोणतीही उणीव राहत नाही.

क्षौराच्या वेळी घ्यावयाची काळजी

नाभिकासमोर बसल्यावर पाते आपल्यासमोर वेष्टनातून काढावयास सांगावे. यात संकोच नसावा व स्वर अधिकाराचाही नसावा. 'दादा, नवे पाते लावता का?' एवढे पुरे. ही मंडळी दिवसभर उन्हात, पाण्याच्या काठी, शेकडो मस्तकांची सेवा करीत असतात. कापलेल्या बोटातून होणाऱ्या संसर्गाचा धोका त्यांनाही तितकाच असतो. नव्या पात्याचे मूल्य आपण आपण होऊन द्यावे.

डोके कोमट पाण्याने चांगले भिजवून साबण लावावा. भिजलेला केस मऊ होतो व पात्यावर जोर द्यावा लागत नाही. वस्तरा केसांच्या वळणाच्या दिशेने फिरवावा. डोक्यावर पुरळ, गळू अथवा ताजी जखम असल्यास क्षौर पुढे ढकलावे. पुसण्यास स्वतःचाच पंचा वापरावा. कापल्यास जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे आठवून वैद्यांस दाखवावे. ताज्या जखमेने नदीत वा कुंडात बुडी मारू नये. घरून आणलेल्या वा नळाच्या पाण्याने स्नान करून तीर्थाचे प्रोक्षण करून घ्यावे.

वापरलेली पाती आणि देणगीदारांस विनंती

क्षौर झाल्यावर पाते घाटावर, वाळूत किंवा प्रवाहात टाकू नये. तीर्थावर सर्वजण अनवाणी चालतात. आपण टाकलेले पाते मागून येणाऱ्या एखाद्या वृद्धेच्या वा बालकाच्या पायात रुतते. पत्र्याची एखादी झाकणाची डबी जवळ ठेवावी, त्यात वापरलेली पाती साठवावीत आणि झाकण पक्के बंद करून ती योग्य ठिकाणी सुपूर्द करावी.

अनेक देणगीदार आम्हांस विचारतात की, अन्नदान व वस्त्रदान यांखेरीज आणखी काय करता येईल. त्यांस आमची नम्र सूचना आहे की, आपल्या श्रद्धास्थानी क्षौराची व्यवस्था असेल तेथे नव्या पात्यांचे पुडे, वापरलेल्या पात्यांसाठी जाड झाकणाचे डबे आणि नाभिक बांधवांसाठी हिपॅटायटिस 'बी'च्या लसीची सोय यांकरिता आपले द्रव्य द्यावे. अशा दानावर नाव कोरता येत नाही. परंतु त्यामुळे टळलेला आजार ज्याचा त्यालाही कळत नाही, आणि म्हणूनच ते गुप्तदान होय.

सारांश

१. यात्रेसाठी पूर्णपणे स्टेनलेस पोलादाचा, बदलत्या पात्याचा वस्तरा न्यावा. ते न जमल्यास नव्या पात्यांचा पुडा तरी न्यावा.
२. प्रत्येक व्यक्तीस नवे पाते. घरच्या घरीही पात्याची अदलाबदल नको.
३. अखंड पात्याचा वस्तरा नेल्यास तो एकाच व्यक्तीने, सराव असल्यासच वापरावा व कोरडा ठेवावा.
४. विमानप्रवासात वस्तरा व पाती सुपूर्द करावयाच्या सामानात ठेवावीत. दर्शनास येताना बरोबर आणू नयेत.
५. जावळापूर्वी बाळाच्या लसी पूर्ण कराव्यात.
६. वापरलेले पाते घाटावर टाकू नये.

वडिलांचा तो वस्तरा आजही माझ्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात आहे. दर वर्षी त्यांच्या श्राद्धाच्या दिवशी मी तो काढून पुसतो, तेलाचा हात देतो व परत ठेवतो. त्या दिवशीचे क्षौर मात्र नव्या पात्याने होते. आपणा सर्वांची यात्रा निर्विघ्न होवो व आपण सुखरूप घरी परत जावे, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.